गेटपासवरचं कारण

“तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच, चार, सहा.”

डॉक्टर आकडे बोलत होत्या आणि शेजारी उभी असलेली मुलगी ते तक्त्यात उतरवून घेत होती. मी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, डोळ्यांवर दिव्याचा झोत. डॉक्टरांच्या हातात एक बारीक सळई होती, टोकाशी मिलिमीटरच्या काळ्या खुणा असलेली. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सरकवायची आणि जिथे अडेल तिथली खूण वाचायची. एका दाताला सहा ठिकाणी, बाहेरून तीन आणि आतून तीन. मग पुढचा दात.

हे सगळं मला फार ओळखीचं होतं. गेली एकवीस वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात एचआरमध्ये काम करते. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे. आमच्या क्वालिटीच्या टेबलावर दिवसभर हेच चालतं. एक जण गेज लावून रीडिंग बोलतो, दुसरा शीटवर लिहितो. रीडिंग मर्यादेबाहेर गेलं की बोलणाऱ्याचा आवाज किंचित बदलतो. ‘सहा’ म्हणताना डॉक्टरांचाही तसाच बदलला.

तीन मिलिमीटरपर्यंतची फट निरोगी समजतात. चार किंवा जास्त आली की हिरडी दातापासून सुटायला लागली आहे असं धरायचं. तिथे जो खिसा तयार होतो त्यात ब्रश पोचत नाही, चूळ पोचत नाही, आणि जंतू मात्र निवांत राहतात. माझ्या खालच्या दाढांशी असे चार-पाच खिसे निघाले. दुखत काहीच नव्हतं. त्या खुर्चीत जाऊन बसले तेही दुखलं म्हणून नव्हे, तर ऑफिसच्या चहाबरोबर खारी खाताना एका खारीच्या तुकड्यावर रक्त दिसलं म्हणून.

खरं तर दात घासताना रक्त दोन वर्षं येत होतं. घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अंगात उष्णता वाढलीय, सब्जा भिजवून घे. मैत्रीण म्हणाली, ब्रश मऊ घे. मी दोन्ही केलं आणि रक्त आलेल्या बाजूला ब्रश लावायचं हळूहळू टाळायला लागले. नेमकं उलटं करायचं असतं हे मला माहीत नव्हतं. दातांवर जंतूंचा जो चिकट थर बसतो तो रोज निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याचं किटण बनतं, आणि एकदा किटण झालं की ते ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, लाल होते, जरा धक्का लागला की रक्त येतं. इथवर परतीचा रस्ता असतो. १९६५ साली डेन्मार्कच्या आर्हूस शहरात हॅराल्ड लो या संशोधकाने बारा निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववतही झाल्या. पण सूज तशीच राहिली आणि आतलं हाड झिजायला लागलं की ते हाड परत भरून येणं अवघड. पुढची झीज थांबवता येते, आणि तेवढ्यासाठीच हा सगळा आटापिटा.

“दात साफ केले की सैल होतात म्हणतात,” मी डॉक्टरांना घाबरतच विचारलं होतं. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. माझ्या वडिलांनी त्यापायी आयुष्यभर साफसफाई केली नाही आणि साठीच्या आत कवळी लावली. डॉक्टर वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, “किटणाचा थर दातांना सिमेंटसारखा धरून ठेवतो. खालचं हाड आधीच गेलेलं असतं. थर काढला की दात हलतोय हे कळतं. आम्ही हलवत नाही हो ताई, हललेला दाखवतो.”

मग त्यांनी विचारलं, “शुगर कधी तपासली होती?”

कंपनीत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. तिचं वेळापत्रक मी लावते, लॅबची माणसं मी बोलावते, कोण राहिलं त्याच्या मागे मी लागते. आणि सलग दोन वर्षं त्या गडबडीत माझंच रक्त द्यायचं राहून गेलं होतं. आठवड्याने रिपोर्ट आला, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी टक्केवारी, ७.२. साडेसहा किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह धरतात. घरात आईला होता, मला होईल अशी धाकधूक होतीच, पण ती बातमी दातांच्या दवाखान्यातून येईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं. मधुमेह असला की हिरड्यांचा आजार होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट होते. याच हॅराल्ड लो यांनी १९९३ मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं, म्हणजे डोळे, मूत्रपिंड वगैरेंच्या रांगेत हिरडीला बसवलं. आणि हे दुतर्फा आहे. हिरडीत सतत सूज राहिली की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर मधुमेहींचं एचबीएवनसी तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं, असं वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या समीक्षेत अनेक चाचण्या एकत्र तपासून मांडलं आहे. ऐकायला आकडा लहान वाटतो. गोळ्या घेणाऱ्याला विचारा, ०.४ साठी काय काय सोडावं लागतं ते.

हृदयविकाराचंही नाव यात येतं, पण तिथे मी जपून बोलते. दोन्ही आजार एकाच माणसात बरेचदा सापडतात हे खरं, एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये हेच स्पष्ट केलं होतं. दात साफ करा नाहीतर अटॅक येईल, असं सांगून लोकांना घाबरवायचं मला पटत नाही. मधुमेहाचं जे पक्कं आहे तेवढंच पुरेसं आहे.

त्याच महिन्यात ग्रुप मेडिक्लेमची फाइल नूतनीकरणासाठी माझ्या टेबलावर आली. दरवर्षी येते. पण या वेळी मी पहिल्यांदा ‘काय मिळत नाही’ ती पानं कर्मचाऱ्याच्या नजरेने वाचली. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयात भरती होणाऱ्या माणसासाठी बेतलेला आहे. साधारणपणे किमान २४ तास भरती हवी. दातांवरचे उपचार अपघातामुळे करावे लागले तरच, नाहीतर नाही. म्हणजे दात पडून तुटला तर विचार होईल, हिरडी आतून दहा वर्षं सुटत गेली तर होणार नाही. त्या कलमावर माझीच सही होती, वर्षानुवर्षं.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे ते ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कर्मचारी विमा योजनेत येतात. पगारातून ०.७५ टक्के त्यांचे, ३.२५ टक्के कंपनीचे. ईएसआयमध्ये भरती व्हायची अट नाही, बाह्यरुग्ण उपचार मिळतात, कुटुंबालाही. कागदावर पाहिलं तर या बाबतीत लाइनवरचा नवखा ऑपरेटर माझ्यापेक्षा सुरक्षित आहे. पण मोहननगरचं किंवा बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय गाठायचं तर दिवस जातो, आणि दिवस गेला की हजेरी भत्ता जातो. ही गोष्ट मला तेव्हा नीट कळली नव्हती. ती कळायला शिबिर घ्यावं लागलं.

शिबिर घेणं आपल्या पुण्यात अवघड नाही. भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, कॅम्पातलं रंगूनवाला, अशी दंत महाविद्यालयं शहरात आहेत आणि शिकवणाऱ्या संस्थांमध्ये उपचार खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. एका महाविद्यालयाची टीम आली. कॅन्टीनमध्ये दोन खुर्च्या, दोन बॅटऱ्या, आरशांचा डबा. लोक रांगेत उभे राहिले, हसत-खिदळत, एकमेकांना ढकलत.

हाउसकीपिंगच्या मावशी तोंड दाखवायला तयारच नव्हत्या. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर चोळायची. कधी सकाळी एकदा, कधी दिवसातून चार वेळा. “मॅडम, मिश्रीनंच तर दात टिकल्यात माजे,” एक जण पदर तोंडाशी धरून म्हणाली. जिथे रोज बोट फिरतं तिथली हिरडी खाली सरकलेली होती, दातांची मुळं उघडी पडली होती. शिबिरातल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं की निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्या म्हणूनच बऱ्याचदा आजारी असूनही रक्त दाखवत नाहीत. ते ऐकून मी गप्प झाले. मला निदान खारीवर रक्त तरी दिसलं होतं. ज्यांचं रक्तही दिसणार नाही त्यांना कोण सांगणार?

आणि आमचे एक दादा. सीएनसी मशीनवर अठरा वर्षं, राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातून बसने येतात. वय चव्वेचाळीस. मी त्यांना कॅन्टीनमध्ये कित्येकदा पाहिलं होतं. भाकरी आमटीत कुस्करून खायचे, काकडीच्या फोडी ताटात बाजूला सारून ठेवायचे. हसताना ओठ मिटूनच. मला वाटायचं, माणूस अबोल आहे. त्यांच्या कार्डावर लिहून आलं, खालचे पुढचे चार दात हलतात, तातडीने दाखवणे.

पंधरा दिवसांनी मी विचारलं, “दादा, गेला होतात का?”

“दुखत नाही ना मॅडम.”

महिन्याने विचारलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र त्यांनी मला गणित मांडून दाखवलं. कॉलेजात स्वस्त होतं, पण ते दिवसा उघडं. पिंपरीला जायचं, केसपेपर काढायचा, नंबर लागायचा, दुपार होते. एकदा जाऊन भागत नाही, हिरडीच्या कामाला चार-पाच खेपा सांगितल्यात. सेकंड शिफ्टला रात्री बाराला सुटून गावी पोचायला दीड वाजतो, सकाळी उठून पिंपरी गाठायची आणि साडेतीनला परत मशीनवर उभं राहायचं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी गावातला दवाखाना उघडा असतो, पण तिथे पैसे जास्त. आणि खाडा केला तर महिन्याचा हजेरी भत्ता बुडतो. “दाढ ठणकली असती तर गेलो असतो. हे नुसतं हलतंय. हलणाऱ्या दातासाठी भत्ता घालवू का?”

मला उत्तर नव्हतं. त्यांनी वाकडं काहीच सांगितलं नव्हतं.

इतकी वर्षं मी कर्मचारी कल्याणाचा विचार पैशांत केला. विम्याची रक्कम किती, प्रीमियम किती, कुटुंबातले किती जण. माझी भाची हिंजवडीला आयटीत आहे. तिच्या कंपनीत पावलं मोजायची स्पर्धा आहे, मनाच्या आरोग्यासाठी हेल्पलाइन आहे, आणि हे चांगलंच आहे. पण तीही रात्री दात कराकरा खाते आणि सकाळी जबडा आवळून उठते, हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्या ॲपमध्ये तोंडाचा रकानाच नाही. हिरड्यांची साफसफाई माझ्या डॉक्टरांकडे दीड हजारात झाली. तीच दहा वर्षं राहून गेली की दात काढणं, इम्प्लांट, म्हणजे एका दातामागे वीस-पंचवीस हजारांपासून पुढे. यात सुरुवातीचे दीड हजार बहुतेकांना कसेबसे जमतात. जमत नाही ती दिवसाउजेडीची दोन तासांची मोकळीक, तीही एकदा नव्हे, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा.

आमच्याकडे बोटाला खरचटलं तर प्रथमोपचाराच्या रजिस्टरमध्ये नोंद होते, वेळेसकट. फॅक्टरीज ॲक्टने दर १५० कामगारांमागे एक पेटी ठेवायला लावली आणि ती सवय अंगात मुरली. जखम दिसली की काम थांबवून पट्टी बांधायची, यात कुणाला वावगं वाटत नाही. सुजलेल्या हिरडीच्या आतल्या अंगालाही जखमच असते, सगळ्या दातांभोवतीची एकत्र केली तर कित्येक चौरस सेंटीमीटरची. ती कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. गैरहजेरीचा रिपोर्ट मी दर महिन्याला काढते. ठणकती दाढ गालात धरून, गोळी घेऊन मशीनवर उभा राहिलेला माणूस त्या रिपोर्टात हजर दिसतो.

मी दोन प्रस्ताव मांडले. पहिला, विम्यात दातांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम जोडावी. विमा कंपनीने दर पाठवला, तो वरच्यांना जास्त वाटला, आणि बैठकीत कुणीतरी म्हणालं की दात म्हणजे दिसण्याचा प्रश्न, आरोग्याचा नव्हे. मला त्याचं फार वाईट वाटलं. तक्त्यातला सहाचा आकडा आणि ७.२ चा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होते. मी ते टेबलावर ठेवले नाहीत. ठेवायला हवे होते, असं आजही वाटतं.

दुसरा प्रस्ताव दोन तासांचा होता. वर्षातून चार वेळा दातांच्या डॉक्टरकडे जायला कामाच्या वेळात दोन तास, पगारी, हजेरी भत्त्याला धक्का न लावता. हिरडीचं मूळ काम चालू असेल तर तेवढ्यापुरत्या खेपा जास्त. डॉक्टरची चिठ्ठी आणायची, बाकी काही नाही. प्रॉडक्शनच्या साहेबांनी लगेच विचारलं, दोन तासांत किती पीस जातात माहितीये का? मी म्हटलं, दाढ सुजली की किती जातात तेही काढू. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच सांगितलं की मागच्या वर्षी त्यांची स्वतःची दाढ काढायला चार दिवस गेले होते. सहा महिन्यांसाठी करून बघू, असं ठरलं.

शिफ्ट सुरू होताना किंवा संपताना दोन तास जोडून घेतले की पिंपरीचं कॉलेज गाठता येतं. दादा गेले. चारपैकी दोन दात काढावे लागले, हाड राहिलंच नव्हतं. दोन वाचले, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून ठेवलेत. तंबाखूची पुडी अजून पूर्ण सुटलेली नाही, खिशात दिसते मला. पण दिवाळीच्या आधी कॅन्टीनमध्ये त्यांच्या ताटात काकडीच्या फोडी उरलेल्या नव्हत्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते संकोचले असते.

मिश्रीवाल्या मावशींपैकी एक जण गेली, बाकीच्या अजून नाही. त्यांचं वेगळं आहे, तिथे घाई करून चालणार नाही. आईकडून, सासूकडून आलेली गोष्ट आहे ती. मिश्री लावली की भूक मरते, पहाटेच्या कामाला तरतरी येते. त्या आधी ऐकूनही घ्यायला हव्यात.

माझं सांगायचं तर सहाचा खिसा चारवर आला आहे. डॉक्टरांनी भूल देऊन दाढांच्या मुळांपर्यंत खरवडून साफ केलं, चार खेपांत. आता दर तीन महिन्यांनी जायचं. एचबीएवनसी ६.६ आहे. त्यात गोळीचा वाटा किती, संध्याकाळी तळजाई टेकडीवर चालण्याचा किती आणि हिरड्यांचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही, आणि डॉक्टरांनीही तसा दावा केला नाही. रात्री दाढांच्या फटींतून फटी साफ करायचा बारीक ब्रश फिरवते तेव्हा आता रक्त येत नाही.

परवा माझ्याच तपासणीची तारीख होती. साडेदहाला गेटवर आले, पास पुढे केला. कारणाच्या रकान्यात मी ‘दात’ एवढंच लिहिलं होतं. सिक्युरिटीच्या काकांनी तो वाचून रजिस्टरमध्ये उतरवला. मी पाहिलं, त्या पानावर तोच शब्द आणखी दोनदा होता, वेगळ्या नावांपुढे.

“मॅडम, हे दोन तासांचं सगळ्यांना आहे का?” त्यांनी विचारलं.

“कंपनीच्या माणसांना आहे काका.”

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग इकडेतिकडे बघून खालचा ओठ बोटाने जरा ओढला आणि मला दाखवलं. पुढचा एक दात जिभेने ढकलला की हलत होता.

“आमची बारा तासांची ड्युटी. एजन्सीकडून. इथून सुटलो की सगळं बंद झालेलं असतं.” आणि लगेच हात हलवून म्हणाले, “दुखत नाही म्हणा.”

दवाखान्यात मला अकराची वेळ होती. मी पर्समधून कागद काढला, त्यांचं नाव विचारलं, एजन्सीचं नाव विचारलं, आणि गाडी काढायच्या आधी गेटच्या कठड्यावर कागद ठेवून दोन्ही लिहून घेतलं.